लघू, गुरू आणि जीपीएस

आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी कोणीतरी नवीन कुटुंब येतं आणि दरवर्षी जेवणाच्या रांगेत मला तोच प्रश्न विचारला जातो. "तुम्ही काय करता?" निवृत्त होईपर्यंत माझं उत्तर ठरलेलं होतं. "मी कोड तयार करते." "अच्छा! जावा का सी प्लस प्लस?" मग मी हातातली मसालेभाताची प्लेट सांभाळत सांगायची, "नाही हो, तसलं कोड नाही. उपग्रहांच्या सिग्नलचं." समोरचा माणूस "अरे वा" म्हणायचा आणि जिलबीकडे वळायचा. त्याचं काही चुकत नव्हतं. मसालेभात गार होईपर्यंत सांगता येईल अशी ती गोष्टच नव्हे.

यंदा संपादकांनी स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा वाटलं, आता वाचक जिलबीकडे पळू शकत नाही. सांगूनच टाकावं.

गोष्टीची सुरुवात वाईला होते. माझे वडील, अण्णा, शाळेत मराठी शिकवायचे. वृत्तं हा त्यांचा जीव की प्राण. मी सात-आठ वर्षांची असल्यापासून संध्याकाळी ओसरीवर ते हातातल्या पेन्सिलीने पाटावर लघू-गुरू वाजवून दाखवायचे. लघूला एक मात्रा, म्हणून नुसता ठोका. गुरूला दोन, म्हणून ठोका देऊन एक मात्रा थांबायचं. आणि सगळ्या गणांची गुरुकिल्ली म्हणजे यमाताराजभानसलगा. तुमच्यापैकी ज्यांनी शाळेत मराठी घेतलं त्यांना हे अजून पाठ असेल. य गण हवा तर य पासून तीन अक्षरं घ्या, यमाता, म्हणजे लघू गुरू गुरू. म गण हवा तर मातारा, तिन्ही गुरू. असं करत सलगापर्यंत गेलं की आठही गण मिळतात, एकही परत येत नाही आणि एकही सुटत नाही.

अण्णांना त्यातली एक गंमत फार आवडायची. शेवटची दोन अक्षरं, 'लगा', आणि पहिली दोन, 'यमा', यांचे लघू-गुरू सारखेच. म्हणून ती दोन टोकं एकमेकांवर ठेवली की दहा अक्षरांच्या ओळीचं आठ अक्षरांचं चाक होतं. ते पाटीवर गोल काढायचे आणि म्हणायचे, "बघ, हे चाक कुठूनही फिरवायला घे, आठ गण पुरे होतात."

मी पुण्याला इंजिनिअरिंग केलं आणि 1987 मध्ये एमएस करायला अमेरिकेत आले. दुसऱ्या सेमिस्टरला दळणवळणाच्या वर्गात प्रोफेसरांनी फळ्यावर तीन चौकोन काढले. म्हणाले, हे शिफ्ट रजिस्टर. प्रत्येक घरात शून्य किंवा एक. पहिल्या आणि शेवटच्या घरातले आकडे सारखे असतील तर पुढचा आकडा शून्य, वेगळे असतील तर एक. मग सगळं एक घर सरकवा आणि परत तेच करा.

तुम्हीही कागदावर करून बघा. फक्त एकाच्या जागी गा आणि शून्याच्या जागी ल लिहा. गा गा गा पासून सुरुवात करा. पहिला आणि शेवटचा सारखे, म्हणून पुढे ल. आता शेवटची तीन, गा गा ल. टोकं वेगळी, म्हणून गा. असं करत गेलात तर गा गा गा ल गा ल ल येईल आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. सात अक्षरं. मी वहीत ते लिहिलं आणि बघतच राहिले. हे तर अण्णांचं चाक! फक्त एक लघू कमी. आठ गणांपैकी सात यात आहेत. नाही तो न गण, तीन लघूंचा. तो यंत्राला चालतच नाही, कारण एकदा तिन्ही घरांत लघू आले की टोकं कायम सारखी आणि पुढे जन्मभर लघूच.

त्या काळी इथून भारतात फोन करायचा म्हणजे मिनिटागणिक डॉलर मोजावे लागत. वाईच्या घरी फोन नव्हता, शेजारच्या दुकानाचा पी. पी. नंबर होता. तरी मी त्या रात्री फोन लावला. अण्णांना बोलावून आणेपर्यंतच दोन मिनिटं गेली. मी धापा टाकत सगळं सांगितलं. पलीकडे शांतता. पैसे चाललेत, मी "हॅलो, हॅलो" करतेय. मग अण्णा सावकाश म्हणाले, "म्हणजे तुझ्या यंत्राला न गण वर्ज्य आहे, असं म्हण की."

एवढ्या थोडक्यात मला ते आजही सांगता येत नाही.

आता या चाकाचा आणि जीपीएसचा संबंध काय? जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचावर आहेत. मूळ नागरी सिग्नल ते सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर आणि एकाच वेळी पाठवतात. जमिनीवर पोचेपर्यंत त्याची ताकद किती राहते? एका वॅटचे एक कोटी अब्ज भाग केले, तर त्यातला एक-दीड भाग. रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीपेक्षाही तो क्षीण असतो. लग्नाच्या हॉलमध्ये बँड वाजत असताना दहाबारा माणसं एकदम तुमच्या कानात कुजबुजतात, तसा प्रकार.

तरीही ऐकू येतं, कारण प्रत्येक उपग्रहाला स्वतःची ओळ दिलेली आहे. आमच्या तीन घरांऐवजी दहा-दहा घरांची दोन रजिस्टरं, म्हणून 7 ऐवजी 1023 अक्षरं. त्या एकेका अक्षराला आम्ही 'चिप' म्हणतो. ही सबंध ओळ सेकंदाला हजार वेळा म्हटली जाते. रिसीव्हरकडे तीच ओळ पाठ असते. आलेल्या सिग्नलवर तो ती एकेक घर सरकवून बघतो. बरोबर जागी बसली की 1023 ही अक्षरं जुळतात. कितीने सरकवावी लागली त्यावरून सिग्नलला यायला किती वेळ लागला ते कळतं, आणि त्यावरून अंतर. असे चार उपग्रह मिळाले की तुम्ही कुठे आहात ते कळतं.

आपल्या सातच्या चाकावरही हे दिसतं. गा गा गा ल गा ल ल खाली तेच चाक एक घर फिरवून लिहा, गा गा ल गा ल ल गा. तीन जागी जुळतं, चार जागी जुळत नाही. दोन घरं फिरवा, तीन घरं फिरवा, दर वेळी तीन आणि चारच. बरोबर जागी मात्र सातच्या सात. असं चाक चुकीच्या जागी कधी आशा दाखवत नाही, यातच त्याचं मोल.

दुसऱ्याच्या ओळीशी गोंधळ होऊ नये, यासाठी रॉबर्ट गोल्ड यांनी 1967 मध्ये अशा दोन चाकांच्या मिलाफातून ओळींचं एक मोठं कुटुंबच तयार करून दाखवलं. त्यातली कोणतीही दोन भावंडं शेजारी ठेवा, जुळलेल्या आणि न जुळलेल्या अक्षरांत 1023 पैकी जास्तीत जास्त 65 चा फरक पडतो. इस्रोने 2013 पासून सोडलेल्या आपल्या नाविक उपग्रहांच्या नागरी सिग्नलमध्येही 1023 अक्षरांचेच गोल्ड कोड आहेत.

मी ज्या कंपनीत लागले तिथलं काम मात्र जमिनीवरचं होतं. खोल दरीत किंवा उघड्या खाणीत आकाशाचा तुकडाच दिसतो, चार उपग्रह मिळत नाहीत. तेव्हा खाणीच्या काठावर छोटे ट्रान्समीटर उभे करायचे आणि त्यांनी उपग्रहासारखाच सिग्नल द्यायचा. त्यांना 'सूडोलाइट' म्हणतात, म्हणजे तोतया उपग्रह. ही कल्पना जीपीएसपेक्षाही जुनी म्हणायला हवी, कारण 1978 मध्ये पहिला जीपीएस उपग्रह उडण्याच्या आधीच ॲरिझोनात यूमाच्या वाळवंटात असे ट्रान्समीटर लावून रिसीव्हर तपासले गेले होते.

तोतयाची अडचण एकच. तो फार जवळ असतो. उपग्रह इतका लांब की तुम्ही दहा किलोमीटर इकडे तिकडे गेलात तरी त्याच्या आवाजात फरक पडत नाही. पण खाणीतला ट्रक काठावरच्या ट्रान्समीटरपासून कधी पाच किलोमीटरवर, कधी पन्नास मीटरवर. अंतर शंभरपट कमी झालं की ताकद दहा हजारपट वाढते. 1023 पैकी 65, म्हणजे सुमारे सोळावा हिस्सा. ताकदीत मोजलं तर सुमारे अडीचशेवा. शेजारी अडीचशेपट मोठ्याने बोलायला लागला की गोल्डसाहेबांचं कुटुंबही वाचवू शकत नाही, आणि इथे तर दहा हजारपट. जवळचा लांबच्याला बुडवतो. आमच्या क्षेत्रात या अडचणीचं नावच 'जवळ-लांब' असं आहे.

त्यावर तोडगा असा की जवळच्याने बहुतेक वेळ गप्प राहायचं. आम्ही एका मिलिसेकंदाचे अकरा भाग करायचो. 1023 म्हणजे अकरा गुणिले 93, हिशेब चोख बसतो. अकरापैकी एका भागात 93 चिपा बोलायच्या आणि उरलेले दहा भाग मुकाट्याने बसायचं. उपग्रहांचा अकरावा हिस्सा बुडतो, बाकीचा शाबूत राहतो. बोलायची पाळी दर वेळी त्याच जागी आणायची नाही, नाहीतर रिसीव्हर त्या ठेक्यालाच सिग्नल समजून बसतो.

आणि इथे माझं काम सुरू व्हायचं. ओळ जोपर्यंत अखंड फिरते तोपर्यंत ती चाक असते, कुठून सुरू केली याला महत्त्व नसतं. पण थोडंसं बोलून गप्प बसायचं असेल, तर तिला सुरुवात आणि शेवट येतो, दोन्ही बाजूंना शांतता येते. मग गोल्डची हमी संपते. आपलीच सात अक्षरं घ्या. गा गा गा ल गा ल ल ही ओळ, मागेपुढे काही नाही. ती स्वतःवरच पाच घरं सरकवा. दोनच अक्षरं समोरासमोर येतात, दोन्ही विरुद्ध. उलटी जुळणीही सरळ जुळणीइतकीच फसवी असते. पण तेच चाक चौथ्या घरापासून म्हणा, ल गा ल ल गा गा गा. आता कितीही सरकवा, जुळलेल्या आणि न जुळलेल्यांतला फरक एकाच्या वर जात नाही. अक्षरं तीच, क्रम तोच, सुरुवात तेवढी बदलली.

ही ओळ उलटी वाचली की आर. एच. बार्कर यांनी 1953 मध्ये दाखवलेली सातची ओळ मिळते. 1997 च्या पहिल्या वाय-फायमध्ये त्यांचीच अकराची ओळ होती. अशी सर्वांत लांब ओळ सापडली आहे ती 13 ची. त्याहून लांब हवी तर थोडीफार तडजोड आली. कॉम्प्युटरला कामाला लावायचं आणि त्यातल्या त्यात बरी शोधायची. नुसत्या 40 चिपांच्या म्हटलं तरी एक लाख कोटींहून जास्त ओळी होतात. त्यांतल्या चांगल्या निवडायच्या, आणि त्या एकमेकींशीही भांडत नाहीत हे बघायचं. मी पंचवीसेक वर्षं हेच केलं. थोडक्यात काय बोलायचं, कुठून सुरू करायचं आणि कधी गप्प बसायचं.

घरी मात्र यातलं काहीही मला सुचलं नाही.

आई 2004 मध्ये गेली. भाऊ तेव्हा दिल्लीला होता. आम्ही दोघांनी फोनवर ठरवलं की अण्णांनी आता माझ्याकडे यावं. त्यांना विचारलं नाही असं नाही, पण उत्तराची वाट पाहिली नाही. ते आले. आम्ही त्यांना खाली बाथरूमला लागून असलेली खोली दिली, मराठी चॅनेल घेतलं, शनिवारी मंडळाच्या वाचनालयात नेऊ लागलो. जेवणाच्या टेबलावर आम्ही सगळे त्यांच्याशी बोलायचो. मोठ्याने बोलायचो, कारण त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं. मुलगी शाळेतलं सांगायची, नवरा ग्रीन कार्डच्या कागदांबद्दल, मी "अण्णा, भात घ्या, अण्णा, स्वेटर घातला का, अण्णा, औषध घेतलंत ना" अशी सरबत्ती करायची. अण्णा मान हलवायचे. मला वाटायचं, रुळताहेत.

2005 च्या ऑक्टोबरात मी ॲरिझोनातल्या एका तांब्याच्या खाणीत चाचणीला गेले होते. दोनशे टनांहून जास्त माल वाहणारे ट्रक, टायर माझ्या दुप्पट उंच. पहिल्याच दिवशी तळाशी सगळे रिसीव्हर आंधळे झाले. उपग्रह दिसेनात, लांबचे ट्रान्समीटरही दिसेनात. चार तास शोधल्यावर कळलं की आमच्यातल्याच एकाने तळाजवळच्या ट्रान्समीटरची बोलण्याची वेळ तिप्पट केली होती. हेतू चांगला होता. तळाशी सिग्नल कमी पडू नये म्हणून. मी त्याला जरा जोरातच म्हणाले, "अरे, तू जवळ आहेस म्हणूनच तुला कमी बोलायचंय!"

रात्री मोटेलवरून नेहमीप्रमाणे घरी फोन केला. अण्णांनी उचलला. "अण्णा, जेवलात का? पाठ कशी आहे? उद्या गार पडणार आहे म्हणे, मफलर..." आणि माझे मलाच दुपारचे शब्द ऐकू आले. मी तिथेच थांबले. काही बोलले नाही. फोनमध्ये नुसती खरखर. मनात दहा-पंधरा आकडे मोजून झाले असतील. मला वाटलं ठेवला की काय. मग अण्णा म्हणाले, "अगं, वाईचं घर बंद आहे. पावसाळा होऊन गेला. कौलं बघायला हवीत."

मी तरी गप्पच राहिले. पुन्हा बराच वेळ गेला.

"मला परत जायचंय गं. तुम्ही सगळे फार चांगलं करताय, म्हणून बोलवत नव्हतं."

एक वर्ष ते माझ्या घरात होते. हे वाक्य त्यांच्या ओठावर किती वेळा येऊन गेलं असेल, देव जाणे. मी दर वेळी त्यावर भात वाढत होते.

जानेवारीत त्यांना वाईला पोचवून आले. भाऊही पुढे बदली घेऊन पुण्याला आला. मला त्यांना ठेवून घ्यायचं होतं, हे लपवत नाही. त्या विमानात मी पूर्ण रात्र रडले. पण वाईला ओसरीवर बसून कौलं शाकारणाऱ्या माणसाशी हुज्जत घालणारे अण्णा बघितले, तेव्हा हेच ते अण्णा, अशी ओळख पटली.

मग आमचा दर रविवारचा फोन सुरू झाला. लाइनवर आवाज मागेपुढे व्हायचा, दोघं एकदम बोलायचो, दोघं एकदम थांबायचो. म्हणून मी एक पद्धत काढली. ज्याला बोलायचंय त्याने आधी पेन्सिलीने रिसीव्हरवर ठोके द्यायचे. ल गा ल ल गा गा गा. दुसऱ्याने तोपर्यंत गप्प. अण्णांनी आधी आक्षेप घेतला, "चाक मध्येच का सुरू करतेस?" मग मी त्यांना सरकवण्याची गंमत सांगितली, त्यांनी पाटावर ती करून पाहिली, आणि पुढच्या रविवारी म्हणाले, "बरोबर आहे तुझं. आधी लघू घेतला की पुढच्या गुरूला वजन येतं." हे कारण कोणत्याही पुस्तकात नाही, पण मी मान्य केलं.

2011 मध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. ऐकू येत होतं, कळत होतं, बोलता येत नव्हतं. भाऊ फोन त्यांच्या कानाशी धरायचा. मी थोडंसं बोलायची आणि थांबायची. मग डाव्या हाताने ते ठोके द्यायचे. सात. काही म्हणायचं नसायचं, म्हणता येणारही नव्हतं. फक्त 'मी आहे' एवढंच. शेवटच्या रविवारी मला पाचच ऐकू आले. दोन एकतर पडले नाहीत किंवा खरखरीत बुडाले. पण ओळ पाठ असली की जुळायला पाच पुरतात. माझं सारं आयुष्य त्याच भरवशावर गेलेलं आहे.

मुलगी आता बोस्टनला असते. कामाच्या गडबडीत फोन करते आणि माझी आधी सूचनांची सरबत्ती सुरू होते, सवय कुठे जाते! मग ती बोलत नाही, टेबलावर पेन वाजवते. लहानपणी आजोबांचं ऐकून ऐकून शिकली आहे. पण ती गा गा गा पासून सुरू करते. अण्णा असते तर टोकलं असतं. मी टोकत नाही. चाक तेच आहे. मी गप्प बसते आणि ती बोलायला लागते.